कोणत्या झाडाची शिंदी

बी.ए.ची मार्कशीट माझ्या पेटीत आहे आणि ती मी कुणालाही दाखवतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सातवीच्या पुढं गेलं नव्हतं, त्यामुळं दाखवायला लाज कसली. पण आणखी एक विद्या मी शिकलो, तिची मार्कशीट मिळत नाही. शिंदी नाकाशी नेली की ती ओल्या जागच्या झाडाची की कोरड्या, आजची की कालची, मडकं धुतलेलं होतं की नाही, हे मी सांगू शकतो. ताडीचंही तसंच. हौस म्हणून शिकलो असं कोणी समजू नये. बाजवळ, माझ्या बापाजवळ, बसायला मिळावं म्हणून शिकलो.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात बेल्याच्या बाजूला, महाराष्ट्राच्या हद्दीवर. कापूस, ज्वारी आणि नाल्याच्या दोन्ही काठांनी शिंदीची झाडं. रानखजूरच तो, पण आम्ही झाडालाही शिंदी म्हणतो आणि त्याच्या मानेला छेद देऊन मडक्यात गोळा केलेल्या रसालाही शिंदीच. हिवाळ्यात दिवस कलायला लागला की बा आणि त्याचे तीन जोडीदार नाल्यावर जमायचे. झाडं उतरवणारा, म्हणजे वर चढून रस काढणारा, तिथंच मडकं आणून द्यायचा. चौघं मातीत मांडी घालून बसायचे, एकच लोटा फिरायचा आणि त्यांचं हसणं गावापर्यंत ऐकू यायचं. लहानपणी मी लांबून बघत असे. मोठा झालो की आपणही तिथं बसू, इतकंच डोक्यात होतं.

मोठा झालो तेव्हा मी बी.ए. झालो होतो. बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत, टाइम ऑफिसात, कामगारांची हजेरी लिहायची नोकरी लागली. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट असेल. पहिल्या रजेवर घरी आलो आणि सरळ नाल्यावर गेलो. मला वाटलं, आता आपली जागा होईल. बानं मला येताना पाहिलं. त्यानं लोटा पायानं मागं सरकवला आणि त्यावर दुपट्टा टाकला. चौघंही उठून उभे राहिले. हसणं बंद.

"या साहेब, या," बाचा थोरला जोडीदार म्हणाला. मी त्याला काका म्हणायचो. लहानपणी त्यानंच मला कितीदा कान धरून शेतातून हाकललं होतं.

"काका, मी कायचा साहेब? बसा न," मी म्हणालो.

"नाही जी, आता निघूनच राह्यलो होतो," बा म्हणाला. माझा स्वतःचा बाप मला 'जी' म्हणाला. आणि ते खरंच निघाले. मडक्यात अर्ध्याहून जास्त शिंदी तशीच होती, फेस आलेली.

घरी आईला विचारलं. ती ज्वारी पाखडत होती. वर न बघता म्हणाली, "त्याले लाज वाटते तुई. शिकलेल्या पोरापुढं कसा पिईन थो?"

"पण मी काई म्हटलं का त्याले?"

"म्हनायचं काऊन लागते? तू पीतबी नाही. न पिनाऱ्यापुढं पेताना मानूस चोर होते."

हे शेवटचं मी धरून ठेवलं. आपण पीत नाही म्हणून ते उठतात. आपल्याला समजत नाही म्हणून उठतात. मग शिकू. आयुष्यात तोपर्यंत जे काही हवं होतं ते शिकून मिळवलं होतं, तेव्हा हेही मिळेल असा माझा हिशेब.

बेल्लमपल्लीत मला क्वार्टरची एक खोली होती. आजूबाजूला सगळी तेलुगू बोलणारी माणसं. माझी तेलुगू ऑफिसपुरती: नाव काय, शिफ्ट कोणती, काल का आला नाहीत. एवढ्यावर दोस्ती होत नाही. पहिल्या पगाराला ऑफिसातले दोघं मला वाइन्सच्या, म्हणजे दारूच्या दुकानाच्या, मागच्या खोलीत घेऊन गेले आणि बियरची बाटली पुढं ठेवली. कडू लागली. मी चेहरा वाकडा केला तसे ते हसले, मग दोघं आपसांत तेलुगूत बोलत राहिले आणि मी बाटलीवरचा ओला कागद नखानं खरवडत बसलो. ही विद्या बाजवळ कामाची नाही, हे मला तिथंच समजलं. बाटली सगळीकडं सारखीच. तिला ना झाड, ना वेळ.

रेल्वेच्या रुळापलीकडं ताडाचं बन होतं, त्याच्या कडेनं ओढ्याला लागून शिंदीची झाडं. तिथं झाडं उतरवणारा एक माणूस होता, पन्नाशीचा, पायांच्या पोटऱ्या दगडासारख्या. माझ्याशी तो हिंदी बोलायचा, आमच्या भागातली तोडकीमोडकी. पहिल्या रविवारी मी सकाळी गेलो तो स्टीलचा गिलास घेऊन, घरून धुवून, रुमालात गुंडाळून. नव्या माणसाची ही चूक मी आजही कुणी करताना पाहिली की मला हसू येतं.

"क्या सारू," तो म्हणाला, "चाय पीने आए क्या?"

त्यानं ताडाचं कोवळं पान तोडलं, दुमडून त्याची होडीसारखी पन्हाळ केली. तिला तिकडं रेका म्हणतात. रेका दोन्ही हातांनी तोंडाशी धरायची, मान थोडी मागं करायची आणि ओतणारा वरून मडक्यानं ओतत राहतो. थांब म्हणायला तोंड मोकळं नसतं. मी थांब म्हणायला गेलो आणि अर्धी शिंदी इस्त्रीच्या शर्टावर. बाजूला रात्रपाळी करून आलेले खाणीतले पाचसहा जण बसले होते. ते तेलुगूत काहीतरी म्हणाले आणि सगळे हसले.

"क्या बोले?" मी विचारलं.

"बोले, सारू का कमीज बी पीता," तो म्हणाला. "रेका को खाली छाती से दूर रखो. और हाथ ऐसा उठाना, बस. मैं रुकता."

हात उचलायचा. एवढं सोपं होतं, पण कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी सांगतो: ज्याला ही गोष्ट नव्यानं चाखायची आहे त्यानं एक माणूस धरावा, जो स्वतः झाडावर चढतो. दुकानावर जाऊ नये. दुकानात दहा झाडांची एकत्र येते, पाणी मिसळतात, कुठं कुठं नशेची पूडही घालतात. ती डोक्यात चढते, पण जीभ काहीच शिकत नाही. झाडाखाली जावं. सकाळी जावं. रात्रभर गारव्यात गोळा झालेली शिंदी सूर्य वर यायच्या आत गोड असते, नारळपाण्याच्या वळणाची, मागं जरासा खमीर. पहिले पाचसहा रविवार तीच घ्यावी. मग एका रविवारी त्याच मडक्यातली थोडी ठेवून दुपारी परत चाखावी. दुपारी ती जिभेला चावते. उन्हं कलली की आंबट, जड, आणि तिला बैलाच्या गोठ्यासारखा एक वास येतो, जो आधी नकोसा वाटतो आणि नंतर त्याच्याशिवाय चव अपुरी वाटते. एकच रस, तीन वेळा तीन. हे एकदा कळलं की पुढचं सोपं.

मी वही केली होती. आठवड्याला एक पान. तारीख, झाड, वेळ, वास, चव. तो माणूस झाडाच्या शेंड्यावरून ओरडायचा, "लिखे क्या सारू? इम्तिहान कब है?"

"जनवरी में," मी म्हणायचो. संक्रांतीची रजा. मनात तारीख ठरलेली होती.

पहिल्या जानेवारीला मी काहीच बोलण्याजोगा झालो नव्हतो. दुसऱ्याही नाही. तीन हिवाळे लागले. शिंदीनंतर हिवाळ्याच्या शेवटी नर ताड सुरू व्हायचा. त्याची ताडी पातळ, तिखटपणाकडं झुकणारी. उन्हाळ्यात मादी ताड, ज्याला ताडगोळे लागतात. तिची दाट आणि जिभेवर बसून राहणारी. दोन झाडांची कधी मिसळून घेऊ नये, असं तो सांगायचा, कारण मग दोघांचंही खरं कळत नाही. सोबत गोड काही खाऊ नये. उकडलेले चणे, हिरवी मिरची, मीठ, बस. मोहाची दारू मात्र नवख्यानं घाईनं घेऊ नये. ती मी एकदाच, डोंगराकडच्या एका गोंडगुड्यात, गोंडांच्या वाडीत, घेतली. घरच्या म्हाताऱ्यानं पहिले थेंब जमिनीवर वाहिले, मग मला दिली, आणि दोन घोटांत मला बसल्या जागी घर दिसायला लागलं. त्या विद्येला मी हात जोडले.

तिसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी त्यानं ओढ्याकडच्या एका शिंदीवर हात ठेवला. म्हणाला, "ये झाड तुम्हारा." त्यांच्यात तशी रीत आहे. नेहमीच्या माणसाला एक झाड ठरवून देतात. हंगामभर त्या झाडाची त्याच्या नावानं राहते, तो आला नाही तरी दुसऱ्याला देत नाहीत. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. बी.ए.चा निकाल लागला तेव्हाइतकं.

पण खरं सांगायचं तर झाड माझं झालं, त्याखालची बैठक माझी झाली नाही. खाणीतले लोक घोळक्यानं बसायचे, मी माझ्या झाडाखाली एकटा. ते हाक मारायचे, "तम्मी, इकडं ये." तम्मी म्हणजे धाकटा भाऊ. मी जायचो, पाच मिनिटं बसायचो. त्यांचा विनोद मला उशिरा कळायचा, तोवर ते दुसऱ्यावर गेलेले असायचे. मी हसायचो तेव्हा एकटाच हसायचो. शिवाय सोमवारी मीच त्यांची हजेरी लिहिणार. कोण किती प्यायला हे मी पाहिलेलं त्यांना नको असणार, आणि मला ते कळत होतं. मग मी उठून वही घेऊन माझ्या झाडाखाली येऊन बसायचो. रेका भरून द्यायला तो यायचा तेवढंच बोलणं. असे किती रविवार गेले. मी स्वतःला समजवायचो की हा नुसता अभ्यास आहे, बैठक पुढं आहे, गावात.

त्या संक्रांतीला निघताना मी त्याला म्हणालो, बासाठी एक डबा भरून दे. त्यानं मान हलवली. "शिंदी बस में नहीं बैठती सारू. आदिलाबाद पहुंचते तक सिरका. जहां उतरती वहीं पीना." तेही बरोबरच. मी रिकाम्या हातानं गेलो. डोक्यात काय आहे ते पुरे, असं मला वाटत होतं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं उतरायच्या आधी, मी नाल्यावर गेलो. लांबूनच ओरडलो, "उठू नका! मीबी घेतो!"

ते उठले नाहीत. एकमेकांकडं बघितलं. बाच्या तोंडावर काय होतं मला नीट कळलं नाही. काकानं लोटा उचलला. "घेता? खरं म्हनता? हे शहरातलं नोय साहेब, पोटात नाचते."

"द्या तर."

मी लोटा नाकाशी नेला. तीन वर्षांची वही डोळ्यांपुढं उभी राहिली. आणि मी बोललो. तिथंच चूक झाली, पण बोलताना ती चूक वाटली नाही, परीक्षेत आलेला प्रश्न पाठ असावा तसं वाटलं. मी म्हणालो, "हे दोन झाडांची हाय. एक नाल्यातलं, ओल्या जागचं. दुसरं वावराच्या धुऱ्यावरचं, कोरडं. अन् एक मडकं कालचं हाय, धुतलं नाही."

झाडं उतरवणारा जवळच दोर गुंडाळत होता. काकानं त्याला हाक मारली, "काऊन रे, खरं का?"

तो हसला, कान पकडला. "खरं हाय जी. आज घाईत होतो. धुऱ्यावरचं मडकं तसंच लावलं."

"आता मायबाप!" काका मांडीवर थाप मारून म्हणाला. "आमी चाळीस वर्सं पिऊन राह्यलो, आमाले मडकं समजलं नाही. हे कोनत्या कॉलेजात शिकवते बे?"

"आमचा पोरगा हाय थो," बा म्हणाला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "तुमाले काय वाटलं, नुसती हाजरी लिहते?"

मग बा उठला. बाजूच्या मळ्यातल्या झोपडीतून खाट घेऊन आला. नाल्याच्या वाळूत मांडली, हातानं झटकली. "बसा."

"मी खालीच बसतो न बा."

"नाही, नाही. पँट खराब होईन." त्यानं माझा कोपर धरून मला बसवलंच. दुसऱ्या झाडाची आणवली, तिसऱ्याची आणवली. प्रत्येक वेळी लोटा आधी माझ्या हातात यायचा आणि चौघं माझ्या तोंडाकडं बघत. मी सांगायचो. बरोबर निघालं की बा जोडीदारांकडं बघायचा. मला ते आवडलं, हे लपवत नाही. तासभर मला फार आवडलं. पहिल्या नंबरानं आलो की मास्तर वर्गापुढं उभं करायचे, तसं.

मग मी म्हणालो, "आता तुमी घ्या."

आमच्याकडं धाकट्यानं थोरापुढं घोट घ्यायचा झाला तर पाठ फिरवून घ्यायचा, ही रीत. बानं लोटा घेतला, माझ्याकडं पाठ केली, मान खाली घालून दोन घोट प्यायला आणि दुपट्ट्यानं तोंड पुसून मगच वळला. काकानंही तसंच केलं. एकामागून एक, चौघांनी. मी खाटेवर बसून साठीला आलेल्या चार माणसांच्या पाठी बघत होतो. कोणी हसत नव्हतं. त्या बैठकीत नेहमी कोणाच्या सुनेची, कोणाच्या बैलाची, कोणाच्या पादण्याची गोष्ट निघायची. त्या दिवशी कोणी गोष्ट काढली नाही. साहेबापुढं काय काढणार?

त्यानंतर दर संक्रांतीला ते ठरूनच गेलं. मी यायचो, खाट निघायची, मी झाड सांगायचो. आसपासच्या गावचे लोकही बघायला यायचे. बेल्याच्या बाजारात एकानं मला ओळखलं, "शिंदीवाला साहेब तुमीच न?" बा सोबत होता. तो छाती काढून चालला. मी प्रत्येक वेळी ठरवायचो की या खेपेला खाटेवरून उतरायचं. प्रत्येक वेळी लोटा हातात आला की तोंडातून बरोबर उत्तर यायचं. उत्तर माहीत असताना गप्प बसणं मला शाळेत जमलं नव्हतं, तिथं कसं जमणार.

काका गेला. दुसरा जोडीदार मुलीकडं पांढरकवड्याला राहायला गेला. तिसऱ्यानं पिणं सोडलं. नव्वद-एक्क्याण्णव उलटल्यावर बा नाल्यावर जाईनासाच झाला. मला वाटलं, आता आम्ही दोघंच. आता जमेल.

एका जानेवारीत मी त्याला सकाळीच म्हणालो, "चला बा, नाल्यावर जाऊन येऊ. दोघंच." तो तयार झाला. दहिवर होतं, धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, गवत ओलं. झाडं उतरवणारा आता त्या जुन्याचा मुलगा होता, बापासारखाच हसरा. त्यानं एक मडकं दिलं आणि पुढच्या झाडाकडं गेला. खाट नव्हती. मी बाच्या आधी वाळूत मांडी घालून बसलो. बा जरा थांबला आणि मग गुडघ्यावर हात टेकत माझ्यासमोर बसला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आमचे गुडघे एकाच जमिनीवर होते.

त्यानं लोटा भरला आणि माझ्याकडं केला. "सांगा, कोनतं झाड?"

मी वास घेतला. नाल्याच्या वळणावरचं, ज्याच्या मुळाशी दगड आहे ते. पहाटेची. धुतलेलं मडकं. अशी शिंदी वर्षातून दोनचारदाच मिळते. एक घोट घेतला. गोड, गार, निव्वळ. आणि मी ठरवलं ते केलं.

"नाही समजून राह्यलं बा," मी म्हणालो. "तुमीच सांगा."

बानं माझ्याकडं बघितलं. लोटा घेतला. नाकाशी नेला, पण प्यायला नाही. परत माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हसेल. आता म्हणेल, अबे, एवढंबी नाही समजत? मी त्या एका शब्दाची वाट बघत होतो. अबे.

"तुमाले नाही समजलं," तो हळूच म्हणाला, "म्हंजे काहीतरी मिसळलं असन याच्यात."

"नाही बा, तसं नाही..."

"नवा पोरगा हाय. याच्या बापानं असं कधी नसतं केलं." त्यानं लोटा वाळूत उलटा केला. मग मडकं दोन्ही हातांनी उचललं आणि तेही, सगळं. वाळूनं ते क्षणात पिऊन टाकलं, वर थोडा फेस राहिला. मी सांगू शकलो असतो. म्हणू शकलो असतो की मी खोटं बोललो. पण मग खोटं का बोललो हेही सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायला माझ्याजवळ कोणत्याच भाषेत शब्द नव्हते, बी.ए. असून.

"चला," बा म्हणाला, "चहा घेऊ घरी."

तो उठला. मला हात द्यायला वाकला, जसा पाहुण्याला देतात. धुऱ्यावर वाट एकाच माणसाच्या रुंदीची. तो बाजूला सरकला, चपलांसकट ओल्या गवतात उभा राहिला, मी पुढं निघेपर्यंत.